वजनगटांपलीकडे श्रेष्ठ कोण? कुस्ती आणि मुष्टियुद्धातील एका जुन्या वादाची मीमांसा

ऑलिम्पिकच्या इतिहासात भारताने कुस्तीत आजवर आठ पदके मिळवली आहेत. खाशाबा जाधव (१९५२, ५७ किलो), सुशील कुमार (२००८ आणि २०१२, ६६ किलो), योगेश्वर दत्त (२०१२, ६० किलो), साक्षी मलिक (२०१६, ५८ किलो), रवी दहिया (२०२०, ५७ किलो), बजरंग पुनिया (२०२०, ६५ किलो) आणि अमन सेहरावत (२०२४, ५७ किलो) हे त्यांचे मानकरी. या यादीतील एकही पदक ६६ किलोंपेक्षा वरच्या गटातले नाही. दुसरीकडे, मराठी मुलखात कुस्तीचा सर्वोच्च मान समजल्या जाणाऱ्या 'महाराष्ट्र केसरी' किताबाचा गट ८६ किलोंपासून सुरू होतो आणि १२५ किलोंपर्यंत जातो. याचा अर्थ असा, की देशाला ऑलिम्पिक पदक मिळवून देणाऱ्या आठपैकी एकाही कामगिरीच्या वजनावर चांदीच्या गदेसाठी उतरण्याची पात्रता मिळत नाही.

भिन्न वजनांच्या योद्ध्यांची तुलना कशी करावी, हा प्रश्न फडाच्या कडेला आणि मुष्टियुद्धाच्या रिंगणाभोवती शतकभराहून अधिक काळ चघळला जात आहे. ५७ किलोंचा असामान्य मल्ल आणि ११० किलोंचा उत्तम मल्ल यांत थोर कोण? दोघांची जोड लावून निकाल काढता येत नाही, कारण निकाल आधीच ठाऊक असतो. त्यामुळे श्रेष्ठत्व ठरवण्यासाठी दुसऱ्या कसोट्या शोधाव्या लागतात. कोणती कसोटी निवडली यावर मान, इनाम आणि इतिहासातील जागा ठरत असल्याने हा वाद निव्वळ करमणुकीचा राहत नाही.

वजनगटांचा उगम

आधुनिक मुष्टियुद्धाला शिस्त लावणारे क्वीन्सबेरी नियम १८६७ मध्ये प्रसिद्ध झाले. हातमोजे, तीन मिनिटांच्या फेऱ्या आणि पडलेल्या प्रतिस्पर्ध्याला उठण्यासाठी दहा सेकंद या गोष्टी त्यांनी रूढ केल्या. वजनाच्या बाबतीत मात्र बराच काळ गोंधळ होता. १९०९ मध्ये लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबने आठ वजनगटांची चौकट घालून दिली. सर्वांत हलका फ्लायवेट ११२ पौंडांचा, म्हणजे सुमारे ५१ किलोंचा. त्यावर अनुक्रमे बँटम, फेदर, लाइट, वेल्टर, मिडल आणि लाइट-हेवी, आणि शेवटी वजनाची वरची मर्यादा नसलेला हेवीवेट. पुढे मधले गट वाढत गेले आणि व्यावसायिक मुष्टियुद्धात ते १७ झाले. त्यांतील सर्वांत हलका १०५ पौंडांचा, म्हणजे साधारण ४७.६ किलोंचा आहे.

वजनगटांमुळे हलक्या योद्ध्याला न्याय मिळाला. पण प्रत्येक गटाचा वेगळा विजेता झाल्याने 'या सगळ्यांत मोठा कोण?' हा प्रश्नही जन्माला आला. प्रेक्षकांच्या लेखी हेवीवेटचा विजेताच जगज्जेता होता. बाकीचे कितीही निपुण असले तरी 'आपापल्या वजनात' चांगले, एवढीच त्यांची ओळख असे.

'पाउंड फॉर पाउंड' ही कल्पना

या समजाला छेद देण्यासाठी 'पाउंड फॉर पाउंड' हा शब्दप्रयोग रुळला. दोन योद्ध्यांच्या वजनातील फरक मनाने पुसून टाकला, तर उरलेल्या कौशल्यात सरस कोण, असा त्याचा आशय. हा शब्दप्रयोग आधीही वापरात होता. तो घरोघरी पोहोचला शुगर रे रॉबिन्सन या अमेरिकी मुष्टियोद्ध्यामुळे.

रॉबिन्सन मूळचा वेल्टरवेट. फेब्रुवारी १९४३ मध्ये जेक लामोटाने त्याला हरवले. त्या लढतीत लामोटा त्याच्याहून सुमारे सात किलोंनी जड होता. त्यानंतर जुलै १९५१ पर्यंत रॉबिन्सन एकही लढत हरला नाही. लामोटाशी तो एकूण सहा वेळा लढला आणि त्यांतील पाच लढती त्याने जिंकल्या. वेल्टरवेटचे जगज्जेतेपद मिळवल्यानंतर मिडलवेटचे जगज्जेतेपद त्याने पाच वेळा पटकावले. 'द रिंग' या १९२२ पासून निघणाऱ्या नियतकालिकाने २००२ मध्ये मागील ऐंशी वर्षांतील सर्वोत्तम ऐंशी मुष्टियोद्ध्यांची यादी केली, तेव्हा पहिले नाव रॉबिन्सनचे आणि दुसरे हेन्री आर्मस्ट्राँगचे होते. हेवीवेट मुहम्मद अली तिसऱ्या आणि जो लुई चौथ्या स्थानी राहिले. त्या यादीत वजनाचे माप बाजूला ठेवले गेले होते, हे या क्रमावरूनच कळते.

तरीही रॉबिन्सनला वजनाने एकदा रोखलेच. २५ जून १९५२ रोजी न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये तो लाइट-हेवीवेट विजेता जोई मॅक्सिम याच्यासमोर उभा राहिला. मॅक्सिम त्याच्याहून सुमारे सात किलोंनी जड होता. पंचांच्या गुणपत्रिकांवर रॉबिन्सन पुढे होता. पण त्या रात्रीचा उकाडा असह्य होता. दहाव्या फेरीनंतर मुख्य पंचांनाच बदलावे लागले आणि तेराव्या फेरीनंतर रॉबिन्सन आपल्या कोपऱ्यातून उठू शकला नाही. कौशल्य पुढे असले तरी जड देहाला रेटत राहण्याची किंमत शरीराला मोजावी लागते, हे त्या लढतीने दाखवून दिले.

मातीतला न्याय

मराठी मुलखातील कुस्तीने याच प्रश्नाकडे वेगळ्या वाटेने पाहिले. जत्रेच्या फडात वजनकाटा नसे. वस्ताद आणि जाणकार मंडळी मल्लांची अंगकाठी, तालीम आणि आजवरच्या कुस्त्या पाहून जोड लावत. बरोबरीची जोड लावणे ही स्वतंत्र कला होती. विजोड कुस्ती लावली तर प्रेक्षकच हरकत घेत. म्हणजे वजनाचा विचार होता, पण तो किलोंत मोजला जात नव्हता. इनामाची रक्कम चढत जाई आणि शेवटची, सर्वांत मोठ्या इनामाची कुस्ती बहुधा भारी मल्लांची असे.

भारतीय कुस्तीच्या दंतकथाही याच घडणीतल्या. मध्य प्रदेशातील दतिया संस्थानच्या आश्रयाने नावारूपाला आलेले गामा पैलवान उंचीने मध्यम होते. त्यांची गाजलेली लढत झाली ती जवळपास सात फूट उंचीच्या रहीम बख्श सुलतानीवाला यांच्याशी. १९१० मध्ये लंडनला गामांनी पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झिबिस्को या धिप्पाड मल्लाला अडीच तासांहून अधिक काळ खाली दाबून ठेवले. १९२८ मध्ये पतियाळात त्याच झिबिस्कोला त्यांनी मिनिटभराच्या आत अस्मान दाखवले. आपल्याहून मोठ्या देहाला चीत करणारा तो खरा पैलवान, ही धारणा अशा कथांनी घट्ट केली.

१९६१ मध्ये 'महाराष्ट्र केसरी' स्पर्धा सुरू झाली, तेव्हा तिने हीच धारणा पुढे नेली. अधिवेशनात निरनिराळ्या वजनगटांच्या कुस्त्या होतात आणि त्या गटांतील विजेत्यांना पदकेही मिळतात. गदा मात्र एकाच, भारी गटाच्या विजेत्याला मिळते. गादी विभागातील विजेता आणि माती विभागातील विजेता यांच्यात अंतिम कुस्ती होते. दिनकर दह्यारी हे पहिले मानकरी. या परंपरेतील भारी मल्लांची योग्यता वादातीत आहे. हिंदकेसरी गणपत आंदळकर आणि मारुती माने यांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत आपापल्या गटांत सुवर्णपदके मिळवली होती. म्हणून प्रश्न गदा मिळवणाऱ्यांच्या थोरवीचा नाही. ज्यांच्यापर्यंत गदा पोहोचूच शकत नाही, त्यांची थोरवी कशी मोजायची, हा खरा प्रश्न आहे.

हेलसिंकीचे कांस्य

रॉबिन्सन यांकी स्टेडियममध्ये थकून बसला, त्यानंतर महिनाभरातच, २३ जुलै १९५२ रोजी, सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा दादासाहेब जाधव हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्या गटाची मर्यादा ५७ किलोंची होती. सुवर्ण जपानच्या शोहाची इशीला आणि रौप्य सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्हला मिळाले.

'मूर्ती लहान पण कीर्ती महान' ही म्हण खाशाबांइतकी क्वचितच कोणाला लागू पडली असेल. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये ते ५२ किलोंच्या फ्लायवेट गटात सहावे आले होते. चार वर्षांत एक गट वर जाऊन त्यांनी पदक मिळवले. हेलसिंकीच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅ. बाळासाहेब खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांच्या मिरवणुकीने त्यांचे स्वागत झाले. लोकांनी त्यांना ओळखले होते. संस्थात्मक मान्यता मात्र उशिरा आली. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. भारताला पुढचे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळायला १९९६ साल उजाडले, तर महाराष्ट्राच्या खेळाडूला पुढचे वैयक्तिक पदक २०२४ मध्ये, नेमबाज स्वप्नील कुसाळे यांच्या रूपाने, तब्बल ७२ वर्षांनी मिळाले.

मुष्टियुद्धातही महाराष्ट्राची गुणवत्ता हलक्या गटांत दिसली. १९८८ च्या सेऊल ऑलिम्पिकमध्ये मनोज पिंगळे फ्लायवेट गटात आणि शाहूराज बिराजदार बँटमवेट गटात भारतातर्फे उतरले होते. बिराजदार यांना २००२ मध्ये ध्यानचंद पुरस्कार देण्यात आला.

गणिताने प्रश्न सुटतो का?

वजन आणि सामर्थ्य यांचे नाते आकड्यांत बसवण्याचा प्रयत्न भारोत्तोलनात सर्वाधिक झाला आहे. सांगलीचे संकेत सरगर यांनी २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात एकूण २४८ किलो वजन उचलून रौप्यपदक मिळवले. जॉर्जियाचा महाकाय भारोत्तोलक लाशा तालाखाद्झे याने टोकियो ऑलिम्पिकमध्ये ४८८ किलो उचलले. त्याचे स्वतःचे वजन १७५ किलोंच्या पुढे होते. दोघांत अधिक बलवान कोण?

सरळ भागाकार केला तर सरगर यांनी स्वतःच्या वजनाच्या साडेचार पट भार उचलला, तर तालाखाद्झेने पावणेतीन पटच. पण हा भागाकार हलक्याच्या बाजूने झुकलेला असतो. देह सर्व बाजूंनी दुप्पट मोठा झाला तर वजन आठपट होते, पण स्नायूंचे आडवे क्षेत्रफळ चौपटच वाढते, आणि ताकद मुख्यतः त्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. म्हणून मोठ्या देहाकडून वजनाच्या प्रमाणात ताकदीची अपेक्षा करणे अन्यायाचे ठरते. हा नियम लावून हिशेब केला की सरगर यांची आघाडी दहा टक्क्यांच्या आसपास येते.

तिसरी पद्धत सिंक्लेअर सूत्राची. त्यात प्रत्येक वजनाला जगातील सर्वोत्तम भारोत्तोलक किती उचलतात हे पाहून गुणक ठरवला जातो. या सूत्राने तालाखाद्झे बराच पुढे जातो, कारण त्याची कामगिरी जगातील सर्वोच्च पातळीची होती. एकच दोन माणसे, तेच आकडे, आणि तीन पद्धतींची उत्तरे वेगवेगळी. सूत्रे चुकीची नाहीत. प्रत्येक सूत्र वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देते. पहिले विचारते, देहाच्या मानाने भार किती? दुसरे विचारते, देहाच्या घडणीला शक्य तेवढे बळ कमावले का? तिसरे विचारते, आपल्या वजनाच्या जगात हा माणूस कुठे उभा आहे?

तुलनेच्या चार कसोट्या

कुस्ती आणि मुष्टियुद्धात उचललेला भार मोजता येत नाही; समोर जिवंत प्रतिस्पर्धी असतो. तेथे जाणकार साधारण चार कसोट्या लावतात.

पहिली, आपल्या गटातील वर्चस्व. मेरी कोम यांनी २००२ ते २०१८ या काळात सहा वेळा जगज्जेतेपद मिळवले आणि ते सर्व ४५ ते ४८ किलोंच्या दरम्यानचे होते. ही कसोटी वजनाच्या तुलनेत सर्वांत न्याय्य. कारण येथे माणूस आपल्या बरोबरीच्या देहांशीच लढतो. मात्र एखाद्या गटात एखाद्या काळी स्पर्धाच विरळ असेल, तर वर्चस्व स्वस्तात मिळते. म्हणून ती एकटी पुरत नाही.

दुसरी, गट बदलण्याची कुवत. लंडन ऑलिम्पिक २०१२ मध्ये महिलांसाठी ५१, ६० आणि ७५ किलो हे तीनच गट होते. मेरी कोम यांना आपले वजन सोडून ५१ किलोंत उतरावे लागले आणि तेथेही त्यांनी कांस्यपदक मिळवले. १९३८ मध्ये आर्मस्ट्राँगकडे फेदर, लाइट आणि वेल्टर या तीन गटांची जगज्जेतेपदे एकाच वेळी होती, तेही गट मोजके असताना. फिलिपिन्सचा मॅनी पॅकियाओ १९९८ मध्ये फ्लायवेटचा विजेता होता. २०१० पर्यंत त्याने आठ गटांत जगज्जेतेपदे मिळवली. २००३ मध्ये रॉय जोन्स ज्युनियरने जॉन रुईझला हरवून हेवीवेटचा एक किताब मिळवला, तेव्हा एकेकाळच्या मिडलवेट विजेत्याला हे शतकभरात प्रथमच साधले होते. कुस्तीत नरसिंग यादव यांचे उदाहरण बोलके आहे. राष्ट्रकुल सुवर्ण (२०१०) आणि जागतिक कांस्य (२०१५) त्यांनी ७४ किलो गटात मिळवले. त्याच काळात, २०११ ते २०१३ अशी सलग तीन वर्षे, भारी मल्लांमधून महाराष्ट्र केसरीची गदाही उचलली. या कसोटीचा दोष असा, की हेवीवेटच्या वर गटच नसल्याने सर्वांत जड योद्ध्याला ती देताच येत नाही. शिवाय आज गट जवळजवळ असल्याने दोन गटांतील अंतर काही वेळा दोन किलोंहूनही कमी असते.

तिसरी, प्रतिस्पर्ध्यांची प्रत. रॉबिन्सनचा आकडा मोठा वाटतो तो त्यामागे लामोटासारखी नावे असल्यामुळे. चौथी, सातत्य आणि कालावधी. दोन वर्षे तळपून विझलेला आणि दशकभर टिकलेला यांत फरक करावाच लागतो. या दोन्ही कसोट्या वजनाशी थेट निगडित नाहीत, आणि म्हणूनच वेगवेगळ्या गटांतील योद्ध्यांना त्या सारख्याच लावता येतात.

वजन हा स्थिर आकडा नव्हे

तुलनेत आणखी एक पेच असतो. योद्ध्याचे 'खरे' वजन कोणते, हेच अनेकदा सांगता येत नाही. व्यावसायिक मुष्टियुद्धात वजन बहुधा लढतीच्या आदल्या दिवशी घेतले जाते. शरीरातील पाणी घटवून काट्यावर हलके दिसायचे आणि रात्रभरात काही किलो परत मिळवून रिंगणात उतरायचे, ही सर्वज्ञात पद्धत आहे. कुस्तीत स्पर्धेच्या दिवशी सकाळीच वजन घेतले जाते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजले जाते. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ७ ऑगस्ट २०२४ रोजी विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम कुस्तीआधी १०० ग्रॅमने जास्त भरल्या आणि अपात्र ठरल्या. टोकियोत त्या ५३ किलो गटात खेळल्या होत्या. गटाची रेषा नियमासाठी ग्रॅमपर्यंत काटेकोर असते. देहासाठी ती रोज बदलते. त्यामुळे 'पाउंड फॉर पाउंड' यादीतील पाउंडसुद्धा अंदाजाचेच असतात.

यादीपेक्षा प्रश्न महत्त्वाचा

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. 'सर्वश्रेष्ठ कोण' या एका प्रश्नाच्या पोटात दोन प्रश्न दडलेले आहेत. समोर येईल त्याला कोण हरवील, हा पहिला. आपल्या देहाच्या मर्यादेत माणसाने कला कुठवर नेली, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर भारी गटाचा विजेता देतो आणि चांदीची गदा त्याचा योग्य सन्मान आहे. दुसऱ्याचे उत्तर कोणत्याही गटातून येऊ शकते. दोन प्रश्नांची सरमिसळ झाली की हलक्या मल्लाचे कर्तृत्व 'त्याच्या वजनात ठीक' या शब्दांत गुंडाळले जाते.

क्रीडा स्पर्धांच्या पदकतक्त्याने हा तिढा केव्हाच सोडवला आहे. २०२३ मध्ये गोव्यात झालेल्या ३७व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत महाराष्ट्राने पदकतक्त्यात पहिले स्थान मिळवले. त्या तक्त्यात सर्वांत हलक्या गटातील सुवर्ण आणि सर्वांत जड गटातील सुवर्ण यांची किंमत एकच होती. तक्ता वजन ओळखत नाही. मानसन्मान आणि खुराकाचा पैसा मात्र ते ओळखतात. तालमीत येणाऱ्या ५० किलोंच्या पोराला वजन वाढवण्याचा सल्ला द्यायचा, की आहे त्या वजनात जगाशी झुंजण्याची तालीम द्यायची, हा निर्णय घेताना आठ पदकांची ती यादी वस्तादांच्या समोर असायला हवी. तिच्यातील पहिले नाव ५७ किलोंचे आहे, आणि आजवरचे शेवटचेही.